अस्तर

आपल्याकडे हृदयविकाराची सगळी गोष्ट एका शब्दात उरकते. ब्लॉकेज. ‘काकांना दोन ब्लॉकेज निघाले.’ ‘सत्तर टक्के होतं, स्टेंट टाकला, आता काळजी नाही.’ ‘ब्लॉकेज नाही म्हणाले डॉक्टर, म्हणजे गॅसेसच असणार.’ लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या बाकड्यावर, घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर ही भाषा इतकी रुळली आहे की तिच्यामागे एक चित्र दडलेलं आहे हे आपल्या लक्षातही येत नाही. शरीरात नळ्यांचं जाळं आहे, त्यातून रक्त वाहतं. आपण तेलकट-तुपकट खातो, त्याचा थर आतून बसत जातो, बोअरच्या पाण्याने नळाला क्षार धरतात तसा. एक दिवस नळ तुंबतो. मग प्लंबर बोलवायचा.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. ‘पाइपलाइन’ हा शब्द दिवसातून वीस वेळा तोंडात असतो, त्यामुळे हे चित्र मला फारच सोयीचं वाटायचं. मग त्याचा इतिहास वाचत गेलो. ते चित्र आलं कुठून, सुमारे साडेतीनशे वर्षं टिकलं कसं, आणि १९८० साली न्यूयॉर्कमधल्या एका प्रयोगशाळेत त्याला तडा कसा गेला, ही गोष्ट आपल्या पंगतीपर्यंत अजून पोचलेलीच नाही. ती पोचायला हवी, कारण ती आपल्या वयाच्या आणि आपल्या बांध्याच्या लोकांबद्दल आहे.

पंप आणि नळ्या

१६२८ साली विल्यम हार्वे या इंग्रज डॉक्टरचं रक्ताभिसरणावरचं छोटंसं लॅटिन पुस्तक फ्रँकफर्टमध्ये छापलं गेलं. तोवर युरोपात गेलन या प्राचीन वैद्याचं मत चालत होतं: अन्नापासून यकृतात सतत नवं रक्त तयार होतं आणि शरीर ते वापरून संपवतं. हार्वेने केलेली गोष्ट कुठल्याही इंजिनिअरला आवडेल अशी होती. त्याने साधा गुणाकार केला. एका ठोक्याला हृदय किती रक्त बाहेर टाकतं, अर्ध्या तासात किती ठोके पडतात, म्हणजे एकूण रक्त किती? आकडा अगदी कंजूषपणे धरला तरी तो शरीरातल्या सगळ्या रक्तापेक्षा जास्त येत होता. एवढं रक्त अर्ध्या तासात नव्याने तयार होणं शक्य नाही. म्हणजे तेच रक्त फिरत असणार.

त्याच्या हिशोबात एक दुवा मात्र गायब होता. धमन्यांतून गेलेलं रक्त शिरांमध्ये येतं कसं, हे त्याला डोळ्यांनी दिसलं नाही. हार्वे १६५७ साली वारला. चार वर्षांनी इटलीत मार्चेल्लो माल्पिगीने बेडकाचं फुप्फुस सूक्ष्मदर्शकाखाली धरलं आणि त्याला केशवाहिन्या दिसल्या. वर्तुळ पूर्ण झालं.

हा शोध इतका मोठा होता की त्याच्या सावलीत दुसरा प्रश्न झाकला गेला. रक्त फिरतं, हृदय फिरवतं, मग वाहिन्या काय करतात? उत्तर उघड वाटत होतं. वाहून नेतात. १८६५ साली स्वित्झर्लंडमध्ये विल्हेल्म हिस या शरीररचनाशास्त्रज्ञाने वाहिन्यांच्या आतल्या अस्तराला ‘एंडोथेलियम’ हे नाव दिलं. हे अस्तर म्हणजे पेशींचा एकच थर. एकावर एक दोन पेशीसुद्धा नाहीत. पुढची जवळजवळ शंभर वर्षं त्याच्याकडे सेलोफेनच्या कागदासारखं पाहिलं गेलं: रक्त बाहेर झिरपू नये म्हणून निसर्गाने लावलेलं पातळ वेष्टन. कोटाचं अस्तर कोण बघतं? कापड चांगलं असलं म्हणजे झालं.

डायनामाइट आणि जिभेखालची गोळी

याच काळात एक औषध आलं. ते काम करत होतं, पण का करतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

१८४७ साली तुरिनमध्ये आस्कानिओ सोब्रेरोने नायट्रोग्लिसरीन बनवलं. जिभेला किंचित लावून पाहिलं तर डोकं फुटेल असं दुखलं. आल्फ्रेड नोबेलने हाच स्फोटक द्रव मातीत मुरवून आटोक्यात आणला आणि १८६७ साली डायनामाइटचं पेटंट घेतलं. १८७९ साली लंडनच्या विल्यम मरेल या डॉक्टरने तेच नायट्रोग्लिसरीन अगदी विरळ करून छातीत कळ येणाऱ्या रुग्णांना दिलं आणि कळ थांबते असं ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं.

स्फोटकांच्या कारखान्यांत एक विचित्र गोष्ट दिसायची. सुट्टीनंतर सोमवारी कामावर आलेल्या कामगारांचं डोकं ठणकायचं. आठवडाभरात शरीराला सवय व्हायची, सुट्टीत ती मोडायची, सोमवारी पुन्हा तेच. हवेतलं नायट्रोग्लिसरीन त्यांच्या रक्तवाहिन्या फुलवत होतं.

खुद्द नोबेलला म्हातारपणी हृदयविकार जडला तेव्हा डॉक्टरांनी त्याला नायट्रोग्लिसरीनच लिहून दिलं. मृत्यूच्या काही आठवडे आधी, १८९६च्या ऑक्टोबरात, त्याने एका पत्रात या योगायोगाची गंमत नोंदवली आहे. औषधाला दुसरं नाव देतात, औषधवाल्याने आणि लोकांनी घाबरू नये म्हणून, असंही तो लिहितो.

तुमच्या घरात कुणाच्या शर्टाच्या खिशात सॉर्बिट्रेटची पट्टी असेल तर ती याच कुळातली. माझ्या वडिलांच्या खिशात असते. छातीत जड वाटलं की जिभेखाली ठेवायची. ही गोळी वाहिनीचा एक मिलिमीटरही ‘साफ’ करत नाही. ती वाहिनीला सैल व्हायला सांगते. नळ सैल होत नसतो. तुंबलेल्या नळाचं चित्र खरं असतं तर गोळीने फरक पडण्याचं कारण फारसं उरलं नसतं. शंभर वर्षं हा पुरावा जिभेखाली विरघळत होता आणि कुणाचं लक्ष नव्हतं.

घासून निघालेला थर

रॉबर्ट फर्चगॉट ब्रुकलिनच्या वैद्यकीय महाविद्यालयात सशाच्या महाधमनीवर काम करत असे. वाहिनीची पट्टी कापायची, द्रावणात टांगायची, औषध टाकायचं आणि ती आवळते की सैल होते ते मोजायचं. त्याला एक कोडं वर्षानुवर्षं छळत होतं. ॲसिटिलकोलिन हे द्रव्य जिवंत प्राण्याला दिलं तर वाहिन्या फुलतात, रक्तदाब उतरतो. तेच द्रव्य प्रयोगशाळेतल्या पट्टीवर टाकलं तर पट्टी आवळते. एकच द्रव्य, उत्तरं उलटी.

१९७८ साली त्याच्या तंत्रज्ञाने एका प्रयोगातल्या पायऱ्यांचा क्रम बदलला आणि ॲसिटिलकोलिनसारख्याच एका औषधाने वाहिनी आवळण्याऐवजी सैल झाली. फर्चगॉटने हे ‘चुकलं’ म्हणून फेकून दिलं नाही. तो खोदत गेला. या वेळी पट्टीऐवजी वाहिनीची कडी वापरली होती. पट्टी कापताना आतला पृष्ठभाग कशाला तरी घासला जायचा आणि ते एका पेशीचं अस्तर निघून जायचं. कडीत ते शाबूत होतं. त्याने मुद्दाम हलक्या हाताने अस्तर घासून काढलं. वाहिनी सैल व्हायची थांबली.

मग त्याने सँडविच केलं. अस्तर काढलेली एक पट्टी, अस्तर असलेली दुसरी, दोन्हींच्या आतल्या बाजू एकमेकींना चिकटवल्या. ॲसिटिलकोलिन टाकलं. अस्तर नसलेली पट्टीसुद्धा सैल झाली. म्हणजे अस्तरातून काहीतरी निघत होतं आणि शेजारच्या स्नायूपर्यंत पोचत होतं. १९८० साली फर्चगॉट आणि जॉन झवाड्झ्की यांनी हे ‘नेचर’मध्ये छापलं.

ते ‘काहीतरी’ काही सेकंदांत नष्ट व्हायचं, त्यामुळे पकडायला अवघड. १९८६ साली फर्चगॉट आणि लुई इग्नारो यांनी एकाच परिषदेत स्वतंत्रपणे सुचवलं की हा नायट्रिक ऑक्साईड असावा. गाडीच्या धुरात असतो तो वायू! १९८७ साली साल्वाडोर मोंकाडा यांच्या लंडनमधल्या गटाने अस्तराच्या पेशींमधून तो निघताना मोजून दाखवला. फेरिड मुराद यांनी १९७७ सालीच दाखवलं होतं की नायट्रोग्लिसरीनमधून हाच वायू सुटतो. दोन टोकं जुळली. जिभेखालची गोळी बाहेरून जे देत होती, ते निरोगी अस्तर आतल्या आत, जिथे हवं तिथे, हवं तेवढं बनवत असतं.

१९९८ साली फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना नोबेल मिळालं. पारितोषिकाचा पैसा डायनामाइटमधूनच आलेला. त्याच वर्षी व्हायग्रा बाजारात आली, आणि तीही याच वायूने दिलेला निरोप जास्त वेळ टिकवून काम करते. लैंगिक ताठरता येण्यात अडचण ही कधीकधी हृदयविकाराची पहिली खूण का असते, तेही इथे उलगडतं. तिथल्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा बारीक, म्हणून बिघाड तिथे आधी जाणवतो. आपल्याकडे हा विषय विनोदात संपतो आणि डॉक्टरपर्यंत जात नाही.

आज अस्तराची कामं अशी सांगता येतील. रक्ताचा वेग वाढला की त्याचं घर्षण या पेशींना जाणवतं, त्या नायट्रिक ऑक्साईड सोडतात, वाहिनी रुंदावते. तुम्ही जिना चढलात की पायांकडे जास्त रक्त जातं ते त्यामुळेही. हाच वायू रक्तातल्या बिंबाणूंना चिकटू देत नाही आणि पांढऱ्या पेशींना भिंतीत घुसू देत नाही. अस्तर म्हणजे घरातली ती व्यक्ती, जी दिवसभर शंभर गोष्टी सांभाळते आणि ती आजारी पडेपर्यंत कुणाला कळत नाही की घर ती चालवत होती.

पाचपैकी तीन

आता गोष्टीचा दुसरा धागा. हा रक्तवाहिन्यांकडून नव्हे, साखरेकडून येतो.

१९३६ साली लंडनच्या हॅरॉल्ड हिम्सवर्थने मधुमेहाच्या रुग्णांना इन्शुलिन आणि ग्लुकोज एकाच वेळी दिलं. काहींची साखर आटोक्यात राहिली, काहींची चढत गेली. इन्शुलिनची कमतरता हे एक दुखणं, आणि इन्शुलिन असूनही शरीराने त्याला दाद न देणं हे दुसरं. १९४७ साली मार्सेच्या जाँ व्हाग या डॉक्टरने लिहिलं की चरबी किती आहे यापेक्षा ती कुठे आहे हे जास्त महत्त्वाचं, आणि पोटाकडची चरबी घातक. १९८८ साली स्टॅनफर्डच्या जेराल्ड रीव्हनने हे तुकडे एका व्याख्यानात बांधले. इन्शुलिनला दाद न देणं, साखर, ट्रायग्लिसराइड, कमी एचडीएल, रक्तदाब, हे सगळं एकाच माणसात एकत्र दिसतं, योगायोगापेक्षा बरंच जास्त. त्याने याला ‘सिंड्रोम एक्स’ म्हटलं. पुढे ‘मेटाबॉलिक सिंड्रोम’ हे नाव टिकलं.

आजची सर्वमान्य व्याख्या सोपी आहे. पाचपैकी तीन. दक्षिण आशियाई लोकांसाठी कंबर पुरुषांत ९० सेंटिमीटर किंवा जास्त, बायकांत ८० किंवा जास्त. ट्रायग्लिसराइड १५० किंवा वर. एचडीएल पुरुषांत ४०च्या खाली, बायकांत ५०च्या खाली. रक्तदाब १३०/८५ किंवा वर. उपाशीपोटी साखर १०० किंवा वर.

मी अठ्ठावीस वर्षांचा आहे. कंपनीच्या वार्षिक तपासणीत माझं ट्रायग्लिसराइड १८२ आलं, एचडीएल ३७. साखर ९६, रक्तदाब १२४/८०. बीएमआय २३.४, त्याच्यापुढे ‘नॉर्मल’. रिपोर्टवर दोन आकडे ठळक अक्षरात होते आणि खाली सल्ला, तेलकट कमी करा. कंबर त्या रिपोर्टवर नव्हतीच. ती मी घरी आईच्या शिवणाच्या डब्यातल्या टेपने मोजली. ९१. पाचपैकी तीन झाले. एकेक आकडा पाहिला तर कुणी घाबरणार नाही. एकत्र पाहिले तर त्यांना नाव आहे.

पुण्यातला एक फोटो

‘नॉर्मल’ बीएमआय आणि ९१ची कंबर एकत्र कशी, याचं उत्तर शोधायला फार लांब जावं लागत नाही. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये दोन डॉक्टरांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाटा आणि उंचीची पट्टी या दोघांत काहीच फरक दाखवत नव्हती.

याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांचा १९९३पासून अभ्यास केला. तिथे जन्मलेल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. पुण्याची बाळं लहान होती, पण सगळीच सारख्या प्रमाणात लहान नव्हती. स्नायू बरेच कमी, कातडीखालची चरबी त्यामानाने राखलेली. ‘बारीक, पण चरबीदार’ हे भारतीय बाळाचं वर्णन तिथून जगभर गेलं. आपल्या आज्या आणि आया काय खाऊ शकल्या, शेतात किती राबल्या, याची नोंद आपल्या अंगावर जन्मापासून असू शकते, हा त्या कामातून निघालेला विचार आहे. त्या बायकांपैकी कुणी पिझ्झा खाल्ला नव्हता. माझ्या कंबरेला फक्त माझा आळस जबाबदार आहे असं मानणाऱ्यांनी हा अभ्यास वाचावा. आणि मी आळस करायला मोकळा आहे असं वाटत असेल, तर मीही पुन्हा वाचावा.

दोन धागे भेटतात

शाळेत आपण शिकलो की इन्शुलिन साखर पेशींत पोचवतं. ते आणखी एक काम करतं. १९९४ साली इंडियानापोलिसमधल्या एका गटाने निरोगी माणसांना इन्शुलिन दिलं तेव्हा पायाकडचा रक्तप्रवाह वाढला. नायट्रिक ऑक्साईड बनणं औषधाने रोखलं तर ती वाढ गायब. म्हणजे इन्शुलिन वाहिनीच्या अस्तराशी बोलतं: जेवण झालंय, स्नायूंकडे वाट मोठी कर. १९९६ साली त्याच गटाने दाखवलं की लठ्ठ आणि इन्शुलिनला दाद न देणाऱ्या माणसांत अस्तराचा हा प्रतिसाद मंदावलेला असतो.

पेशीच्या आत इन्शुलिनच्या संदेशाचे दोन रस्ते फुटतात. एकाच्या शेवटी नायट्रिक ऑक्साईड, वाहिनी फुलवणारा. दुसऱ्याच्या शेवटी एंडोथेलिन, वाहिनी आवळणारं द्रव्य, जे जपानमध्ये यानागिसावा आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली शोधलं. निरोगी शरीरात दोन्हींचा तोल असतो. मेटाबॉलिक सिंड्रोममध्ये पहिला रस्ता अडतो, दुसरा चालूच राहतो. वर शरीर दाद मिळावी म्हणून आणखी इन्शुलिन सोडतं, म्हणजे आवळणाऱ्या बाजूला आणखी जोर. त्यात पोटातली चरबी रक्तात मेदाम्लं आणि दाह वाढवणारी द्रव्यं सोडत असते. ऑक्सिजनचे उतावळे रेणू वाढतात आणि जो काही नायट्रिक ऑक्साईड तयार झाला असेल तो स्नायूपर्यंत पोचायच्या आत गिळून टाकतात. वाहिनी नीट फुलत नाही, स्नायूंना साखर कमी पोचते, साखर रक्तात राहते, आणखी इन्शुलिन येतं. आमच्या भाषेत सांगायचं तर एरर आला म्हणून सिस्टम पुन्हा पुन्हा तीच रिक्वेस्ट पाठवते आणि त्याच भाराने सर्व्हर आणखी बसतो.

हे जिवंत माणसात मोजायचं कसं? १९९२ साली लंडनमध्ये डेव्हिड सेलरमायर आणि सहकाऱ्यांनी एक युक्ती छापली, सुईशिवाय. रक्तदाबाचा पट्टा हातावर सुमारे पाच मिनिटं घट्ट आवळायचा. मग एकदम सोडायचा. अडलेलं रक्त धावत येतं, घर्षण वाढतं, अस्तर जागं असेल तर दंडातली धमनी रुंदावते. किती, ते सोनोग्राफीने बघायचं. साधारण तीन-चार मिलिमीटरच्या धमनीत काही टक्क्यांचा फरक. सिगारेट ओढणाऱ्या तरुणांत, आणि जन्मापासून कोलेस्टेरॉल खूप असलेल्या लहान मुलांत, कुठलंही ब्लॉकेज नसताना हा प्रतिसाद कमी होता. १९९९ साली लंडनच्याच एका गटाने भारतीय वंशाच्या निरोगी पुरुषांत तो गोऱ्या पुरुषांपेक्षा कमी असल्याचं दाखवलं.

याच गोष्टीला १९८८ सालची आणखी एक बाजू आहे. अमेरिकेत दोन गटांनी हार्ट अटॅक आलेल्या रुग्णांच्या आधीच्या अँजिओग्राफी काढून बघितल्या. ज्या जागी अटॅक आला, तिथे आधी बऱ्याच रुग्णांत पन्नास टक्केसुद्धा अडथळा नव्हता. भिंतीतला मऊ, सुजलेला थर फुटला, त्यावर गुठळी झाली आणि तासाभरात वाट बंद. माझ्या वडिलांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा स्क्रीनवर एक अरुंद जागा दिसली होती आणि ती रुंद झालेली आम्ही सगळ्यांनी पाहिली. बाकीच्या भिंती स्क्रीनवर गुळगुळीत दिसत होत्या. अस्तर कसं आहे हे अँजिओग्राफीच्या सावलीत दिसत नाही.

स्टेंट निरुपयोगी आहे असा अर्थ कुणी काढू नये. अटॅक चालू असताना अँजिओप्लास्टी जीव वाचवते, छातीत कळ आली तर एक मिनिट न घालवता रुग्णालय गाठायचं. पण स्थिर, जुन्या दुखण्यात २००७ सालच्या मोठ्या अमेरिकी चाचणीत चांगल्या औषधांवर असलेल्यांना वरून स्टेंट टाकल्याने मृत्यू किंवा अटॅक कमी झाले नाहीत. दुरुस्ती एका जागेची होती, आजार सगळ्या अस्तराचा.

फिरतं, पण बाटलीतून नाही

२००५ साली अमेरिकी आणि युरोपीय मधुमेह संघटनांनी एकत्र निवेदन काढून विचारलं होतं की मेटाबॉलिक सिंड्रोम हा खरंच एक आजार आहे की पाच आकड्यांना लावलेलं एक लेबल? पाचपैकी तीनच का? प्रश्न रास्त आहे आणि त्याचं सार्वमत झालेलं नाही. मला लेबल उपयोगी वाटतं ते एवढ्यासाठी की ते पाचही आकडे ज्या एका जागी येऊन त्रास देतात ती जागा म्हणजे हे अस्तर. आणि अस्तराबद्दलची सगळ्यात चांगली बातमी ही की ते पेशींचं आहे. गंजलेला पाइप पूर्ववत होत नाही, पेशींचं काम सुधारू शकतं.

२००८ साली नॉर्वेच्या ट्रॉन्हाइममध्ये मेटाबॉलिक सिंड्रोमच्या ३२ रुग्णांवर प्रयोग झाला. आठवड्यातून तीनदा, सोळा आठवडे व्यायाम. एक गट सलग मध्यम वेगाने, दुसरा थोडा वेळ जोरात आणि मग सावकाश, असा आळीपाळीने. दोन्ही गटांत अस्तराचा प्रतिसाद सुधारला, दुसऱ्यात जास्त. २००४ साली नेपल्समध्ये १८० रुग्णांपैकी अर्ध्यांना भाज्या, फळं, कडधान्यं, अक्रोड, ऑलिव्ह तेल असा आहार दोन वर्षं दिला. अखेरीस त्या गटात ४० जणांत सिंड्रोम उरला होता, दुसऱ्या गटात ७८ जणांत. आणि आपल्यासारख्या खुर्चीला चिकटलेल्यांसाठी, २०१५ साली इंडियाना विद्यापीठातल्या सौरभ ठोसर आणि सहकाऱ्यांनी निरोगी तरुणांना तीन तास सलग बसवलं. मांडीतल्या धमनीचा प्रतिसाद तासाभरातच खालावला. तासाला पाच मिनिटं सावकाश चाललेल्यांत तो टिकला. माझी रोजची स्टँडअप मीटिंग सगळे बसूनच करतात. मी आता ती चालत करतो.

शॉर्टकट मात्र सापडलेला नाही. अस्तर आर्जिनिन या अमिनो आम्लापासून नायट्रिक ऑक्साईड बनवतं, हे कळल्यावर आर्जिनिन खाल्लं की झालं असं अनेकांना वाटलं. २००६ साली छापलेल्या एका अमेरिकी चाचणीत अटॅक येऊन गेलेल्यांना ते दिलं गेलं. फायदा शून्य. औषध घेणाऱ्यांत सहा मृत्यू, न घेणाऱ्यांत एकही नाही. चाचणी थांबवावी लागली. आज जिमच्या काउंटरवर ‘नायट्रिक ऑक्साईड बूस्टर’ म्हणून जे डबे असतात, त्यातल्या कित्येकांत आर्जिनिनच असतं. डबा उघडण्याआधी हा आकडा आठवावा.

हार्वेच्या पुस्तकापासून फर्चगॉटच्या सँडविचपर्यंत ३५२ वर्षं गेली. सँडविचलाही चाळीसहून जास्त वर्षं झाली, तरी अस्तराचा प्रतिसाद अजून तुमच्या-माझ्या वार्षिक रिपोर्टवर छापून येत नाही. मोजणी कसबाची आहे, हातागणिक फरक पडतो. तोवर घरातला शिवणाचा टेप घ्या. सर्वात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता. तो आकडा रिपोर्टवर पेनने लिहा आणि मग पाचही एकत्र वाचा. घरातल्या बारीक दिसणाऱ्या माणसांचाही मोजा. त्यांना कुणी मोजायला सांगत नाही.